सरासरीचा माणूस आणि प्रत्यक्ष शरीर : डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांच्या दैनिक ऊर्जा-गरजेच्या अनुमानाची चिकित्सा

१

आहारशास्त्रात ‘गरज’ हा शब्द जितक्या सहजतेने वापरला जातो, तितक्या काटेकोरपणे त्याचा अर्थ लक्षात घेतला जात नाही. अमुक वयाच्या व अमुक वजनाच्या माणसास दररोज इतके उष्मांक, म्हणजे इतक्या किलोकॅलरी, लागतात असे विधान कोष्टकात वाचावयास मिळते. आणि आकडा छापील असल्यामुळे तो मोजलेला असावा, असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः तो आकडा बहुधा अनुमानित असतो. काही माणसांवर मोजमापे झालेली असतात, त्यांवरून एक समीकरण बसविलेले असते, आणि ज्यांचे मोजमाप कधीच झाले नाही अशा असंख्य माणसांना ते लावले जाते. ही रीत मुळात गैर नाही. शास्त्राचा पुष्कळसा व्यवहार याच रीतीने चालतो. परंतु ज्या शरीरांवरून समीकरण निघाले आणि ज्या शरीरांस ते लावावयाचे, त्यांच्या रचनेतच भेद असेल, तर अनुमानाची चिकित्सा करणे भाग पडते. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढ व्यक्तींच्या दैनिक ऊर्जा-गरजेचा प्रश्न या प्रकारचा आहे.

या प्रश्नाचे नवेपण प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जॉन लॅंग्डन डाऊन यांनी या अवस्थेचे वर्णन १८६६ मध्ये केले. तिच्या मुळाशी एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते, हे १९५९ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी दाखविले. १९८३ च्या सुमारासही पाश्चात्त्य देशांत या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. हृदयातील जन्मजात दोषांवरील शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्गावरील उपचार सुधारल्यानंतर ते आता त्या देशांत ६० वर्षांच्या घरात गेले आहे. महाराष्ट्रात मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये निघाली, ती वकील दांपत्याच्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या निमित्ताने. त्या काळी विचार मुख्यतः बालकाच्या शिक्षणाचा होता, आणि ते साहजिकच होते. हे बालक चाळिशी-पन्नाशी गाठील, त्याचे वजन वाढेल किंवा झडेल, आणि त्याच्या ताटात किती वाढावे हा शास्त्राचा विषय होईल, ही कल्पना पुढच्या पिढीची आहे. म्हणून या विषयावरील ज्ञानाचा पाया अद्याप अरुंद आहे, आणि अरुंद पायावर उभ्या केलेल्या आकड्यांकडे अधिक सावधपणे पाहणे आवश्यक आहे.

२

प्रचलित समीकरणांचा उगम तपासला असता पहिली अडचण स्पष्ट होते. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेले समीकरण १३६ पुरुष व १०३ स्त्रिया, म्हणजे एकूण २३९ अमेरिकी प्रौढांच्या मोजमापांवर आधारलेले होते. त्यात वजन, उंची आणि वय या तिन्ही घटकांना स्थान आहे. पुढे स्कोफिल्ड यांनी १९८५ मध्ये जुन्या ११४ अभ्यासांतील सात हजारांहून अधिक मोजमापे एकत्र करून नवी समीकरणे बसविली, आणि अन्न व शेती संघटना, जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने ती पायाभूत मानली. या समीकरणांच्या रूढ स्वरूपात लिंग व वयोगट ठरला की केवळ वजन पुरेसे होते. सोपेपणामुळे त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु हेन्री यांनी पुढे दाखवून दिल्याप्रमाणे त्या मोजमापांपैकी जवळजवळ निम्मी इटालियन व्यक्तींची होती, आणि उष्ण कटिबंधातील व्यक्तींची संख्या अवघी ३२२ होती. थोडक्यात, जगाच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण जगाच्या एका कोपऱ्यातून आले होते.

भारतीय शास्त्रज्ञांस याची जाणीव नव्हती असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आपल्या १९९० व २०१० च्या शिफारशींत आंतरराष्ट्रीय समीकरणांतून सुमारे पाच टक्के वजा करून भारतीयांसाठी समीकरणे दिली. तथापि या वजाबाकीचा अर्थ काय, हा प्रश्न उरतोच. भारतीय शरीराची भट्टी मुळातच मंद जळते, असा त्याचा अर्थ घ्यावयाचा काय? बंगळूर येथील भारतीय आणि ऑस्ट्रेलियातील व्यक्तींच्या मोजमापांची तुलना सोअरेस, शेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. शरीररचनेतील फरक हिशोबात घेतल्यानंतर वंशभेदामुळे मूलभूत चयापचयात फरक पडतो असा पुरावा मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. विश्रांतीच्या अवस्थेत ऊर्जा खर्च करतात ते मुख्यतः मेंदू, यकृत, हृदय, मूत्रपिंडे आणि स्नायू. मेदाचा वाटा अल्प असतो. समान वजनाच्या दोन माणसांपैकी एकाच्या शरीरात मेद अधिक असेल, तर त्याचा ऊर्जाव्यय कमी भरणारच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या संशोधनामुळे, सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही मेदाचे प्रमाण मोठे असू शकते, ही गोष्ट सर्वपरिचित झाली आहे. तेव्हा पाच टक्क्यांची वजाबाकी ही शरीररचनेची उणीव भरून काढणारी ठोकळ दुरुस्ती होती. भारतीयांच्या प्रकृतीविषयीचा तो नियम नव्हे.

डाऊन सिंड्रोमच्या बाबतीत ही चूक दुसऱ्या रूपाने पुन्हा घडण्याचा संभव आहे, म्हणून हा इतिहास येथे सांगितला. या अवस्थेतील प्रौढांची उंची सरासरीने बरीच कमी असते, स्नायूंचा ताण जन्मतःच शिथिल असतो, आणि वजनाच्या मानाने मेदाचे प्रमाण अधिक आढळते. केवळ वजन पाहणाऱ्या समीकरणास यांपैकी काहीही दिसत नाही.

३

एका काल्पनिक उदाहरणाने हा फरक आकड्यांत मांडता येईल. वय ३५ वर्षे, उंची १५० सेंटिमीटर, वजन ६२ किलो, असा एक पुरुष घ्यावा. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय समीकरणानुसार त्याचा विश्रांतावस्थेतील ऊर्जाव्यय दिवसाला सुमारे १,५९८ उष्मांक येतो. भारतीय परिषदेच्या २०१० च्या समीकरणाने तो १,५०९, हॅरिस-बेनेडिक्ट यांच्या समीकरणाने १,४३३, आणि मिफ्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९० च्या समीकरणाने १,३८८ येतो. शेवटची दोन समीकरणे उंची विचारात घेतात, म्हणून ठेंगण्या पुरुषासाठी त्यांचे उत्तर खाली येते. आता याच पुरुषाच्या शरीरात ३० टक्के मेद आहे असे धरले, तर मेदरहित भार ४३.४ किलो होतो. आणि कनिंगहॅम यांनी १९९१ मध्ये दिलेल्या, मेदरहित भारावर आधारलेल्या समीकरणाने उत्तर १,३०७ येते. एकाच माणसाविषयी पहिल्या व शेवटच्या उत्तरांत २९१ उष्मांकांचे अंतर पडते.

सोलापूरच्या स्वयंपाकघरातील मापाने बोलावयाचे, तर सत्तर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीतून सुमारे २३५ उष्मांक मिळतात. म्हणजे माणूस अंथरुणावर स्वस्थ पडून असताना त्यास काय लागते, एवढ्याच प्रश्नावर समीकरणांत सव्वा भाकरीचा मतभेद आहे. या उत्तरांना बैठ्या जीवनाचा १.४ हा गुणक लावला की अंतर ४०७ उष्मांकांवर, म्हणजे पावणेदोन भाकरींवर जाते.

यावर असे म्हणता येईल की, मग मेदरहित भाराचे समीकरण स्वीकारावे आणि वाद मिटवावा. परंतु मार्ग इतका सरळ नाही. मेदरहित भार मोजावयाचा तो बहुधा त्वचेच्या घडीची जाडी पाहून, किंवा शरीरातून अत्यल्प विद्युत्प्रवाह सोडून. या दोन्ही पद्धतींतील गणिते पुन्हा इतर लोकांच्या शरीरांवरूनच बसविलेली आहेत. ज्यांच्या हातापायांची लांबी, मेदाची वाटणी आणि स्नायूंचा पोत निराळा, त्यांच्याबाबत ही गणिते किती विश्वसनीय ठरतात याची स्वतंत्र परीक्षा झाल्याखेरीज त्यांवर भार टाकणे उचित नाही. अनुमानाची एक पायरी सुधारली की त्याखालची पायरी डळमळते, असा हा प्रकार आहे.

४

येथे एका रूढ समजुतीचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे चयापचय मंद असते, म्हणून त्यांच्या गरजेतून दहा-पंधरा टक्के सरसकट वजा करावे, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. या सल्ल्यास आधार नाही असे नव्हे. ल्यूक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात विश्रांतावस्थेतील ऊर्जाव्यय कमी आढळला होता, आणि २०१३ मध्ये हिल व सहकाऱ्यांनी मुलांवरच केलेल्या अभ्यासाचा कलही त्याच दिशेचा होता. परंतु प्रौढांविषयी फर्नहॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष याच्या उलट आहे. स्थूल प्रौढांची तुलना केली असता डाऊन सिंड्रोम असलेल्यांचा विश्रांतावस्थेतील ऊर्जाव्यय कमी आढळला नाही. बालकांवरील निष्कर्ष प्रौढांना जसाच्या तसा लावणे हे शास्त्रीय शिस्तीस धरून नाही. आणि थोड्या व्यक्तींवरील एका अभ्यासावरून प्रौढांचा प्रश्न कायमचा निकालात निघाला असे मानणेही तितकेच अविचाराचे होईल. आजच्या स्थितीत एवढेच म्हणता येते की, प्रौढांसाठी सरसकट वजाबाकीचा नियम सिद्ध झालेला नाही.

शिवाय ही वजाबाकी कोणत्या आकड्यातून करावयाची, हे सांगितले जात नाही. आधीच्या परिच्छेदातील १,५९८ मधून पंधरा टक्के वजा केले तर १,३५८ उरतात. हे उत्तर मेदरहित भारावरून आलेल्या १,३०७ च्या जवळ आहे. परंतु तेच पंधरा टक्के १,३०७ मधून वजा केले तर १,१११ उरतात, आणि शरीररचनेचा परिणाम दोनदा मोजला जातो. कमी उंची, कमी स्नायू आणि अधिक मेद यांचा हिशोब एकदा समीकरणाने केला आणि पुन्हा ‘मंद चयापचया’च्या नावाने केला, तर त्या माणसाच्या ताटातून अन्न दोन वेळा काढून घेतले जाते. उष्मांक कमी केले की अन्नाबरोबर प्रथिने, लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्वेही कमी होतात. स्नायू आणखी क्षीण होतात. आणि स्नायू क्षीण झाले की ऊर्जाव्यय खरोखरच घटतो. अशा रीतीने चुकीचे अनुमान स्वतःच आपला पुरावा निर्माण करते.

विश्रांतावस्थेतील व्ययात खरा बदल घडविणारी कारणे निराळी आहेत आणि ती व्यक्तीगणिक भिन्न आहेत. थायरॉईड ग्रंथीची मंदता या अवस्थेत बरीच अधिक आढळते; ती तपासणीने कळते आणि औषधाने सुधारते. जन्मजात हृदयदोष जवळजवळ निम्म्या बालकांत असतो, आणि त्याचे अवशेष प्रौढपणी श्रमांच्या आड येऊ शकतात. झोपेत श्वास अडखळण्याचा विकारही सामान्यांहून पुष्कळ अधिक असतो आणि वजनवाढीने तो बळावतो. चाळिशी-पन्नाशीनंतर अल्झायमरचा विकार इतरांपेक्षा लवकर येण्याचा धोका असतो, आणि त्यात वजन घटू लागते. पंचविशीत वजन वाढू नये म्हणून ठरविलेला आहार पन्नाशीत तसाच चालू ठेवला, तर तो घातक ठरू शकतो. या सर्व कारणांना एका टक्केवारीत बसविणे म्हणजे निदानाऐवजी सरासरी हाती देणे होय.

५

विश्रांतावस्थेच्या आकड्यावर इतका खल झाला असला तरी दैनिक गरजेतील मोठी अनिश्चितता दुसरीकडेच आहे. विश्रांतावस्थेतील व्ययास हालचालींचा गुणक लावून दिवसाची गरज काढतात. वरील उदाहरणात १,३०७ हा आकडा कायम ठेवून गुणक १.३ वरून १.६ वर नेला, तर उत्तर १,६९९ वरून २,०९१ वर जाते. हे अंतर ३९२ उष्मांकांचे, म्हणजे सर्व समीकरणांच्या आपसांतील मतभेदाहूनही मोठे आहे. तरीही गुणक ठरविताना ‘बैठे’, ‘मध्यम’ किंवा ‘कष्टाचे’ यांपैकी एक शब्द निवडण्यापलीकडे कोणी सहसा जात नाही.

हालचाल मोजण्याची रूढ साधनेही येथे जपून वापरावी लागतात. हृदयाच्या ठोक्यांवरून ऊर्जाव्यय काढण्याच्या पद्धतीत श्रमाबरोबर ठोके ठराविक प्रमाणात वाढतात असे गृहीत असते. डाऊन सिंड्रोममध्ये श्रमाच्या परमावधीतही ठोके इतरांइतके चढत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. अंगावर बांधावयाच्या हालचालमापक यंत्रांबाबत आगिओव्हलासायटिस व सहकाऱ्यांनी असे दाखविले की, यंत्राचा आकडा आणि प्रत्यक्ष ऊर्जाव्यय यांचा संबंध या व्यक्तींत निराळा असतो. त्यांच्या चालण्यात देह बाजूंना अधिक हेलावतो, तोल सांभाळण्यास श्रम पडतात, आणि वेग वाढला की त्याच अंतरासाठी अधिक ऊर्जा खर्ची पडते. ज्याला पाहणारा ‘सावकाश फेरी’ म्हणतो, ती त्या व्यक्तीच्या दृष्टीने मध्यम श्रमाची असू शकते.

द्विचिन्हित जलाची पद्धत या दोषांपासून पुष्कळशी मुक्त आहे. हायड्रोजन व ऑक्सिजन यांची जड समस्थानिके असलेले पाणी पाजून पुढील एक-दोन आठवड्यांच्या मूत्रनमुन्यांवरून एकूण ऊर्जाव्यय काढता येतो. त्या व्यक्तीने नेहमीसारखे जगावे, एवढीच अपेक्षा असते. १९८० च्या दशकात ही पद्धत माणसांसाठी रूढ झाली. परंतु तिचा खर्च व तिला लागणारी उपकरणे यांमुळे ती संशोधनापुरती राहिली आहे. श्वासवायूंच्या मापनासाठी तोंडावर मुखवटा किंवा डोक्यावर पारदर्शक आवरण घेऊन अर्धा तास शांत पडावे लागते. अपरिचित खोलीत व अपरिचित माणसांत हे सहज साधत नाही. घाबरलेल्या व्यक्तीचा ऊर्जाव्यय हा विश्रांतीचा ऊर्जाव्यय नव्हे. म्हणून मोजमापापूर्वी सरावाच्या एक-दोन भेटी देणे हा सौजन्याचा भाग आहेच, पण तो मापनाच्या अचूकतेचाही भाग आहे.

६

तथापि, समजा हे सर्व अडथळे दूर झाले आणि एखाद्या प्रौढाचा दैनिक ऊर्जाव्यय अगदी बिनचूक मोजता आला, तरी ती त्याची ‘गरज’ ठरेल काय? प्रस्तुत विषयाचा खरा पेच या प्रश्नात आहे, आणि तो महाराष्ट्रातील विचारवंतांना अपरिचित नाही.

वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याविषयीच्या आपल्या ग्रंथात दरडोई २,२५० उष्मांकांची कसोटी वापरली. पां. वा. सुखात्मे यांनी पुढे या प्रकारच्या कसोटीवर मूलगामी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलत असते. शरीर आपली कार्यक्षमता काही मर्यादेत जुळवून घेते. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित मानता येत नाही. १९८० च्या सुमारास पुण्याच्या या दोन विद्वानांत झालेला वाद पोषणशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. सरासरी ही व्यक्तीवर लादू नये, हा सुखात्म्यांचा धडा डाऊन सिंड्रोमच्या प्रश्नास तंतोतंत लागू पडतो. कोष्टकातील संदर्भ-पुरुष हा कोणीही प्रत्यक्ष पुरुष नसतो. भारतीय परिषदेच्या २०१० च्या शिफारशीत तो ६० किलोंचा होता आणि बैठ्या जीवनासाठी त्यास २,३२० उष्मांक लागत होते. २०२० मध्ये तो ६५ किलोंचा झाला आणि त्याची गरज मात्र २,११० वर आली. दहा वर्षांत भारतीय माणसाचे शरीर बदलले नाही, गृहीतके बदलली. ज्या आकड्याचे मूळ स्थानच असे सरकते, तो एखाद्या व्यक्तीच्या ताटावर न्यायाधीश म्हणून बसविता येत नाही.

परंतु या वादाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सुखात्मे यांनी संपादित केलेल्या, पुण्यातून १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना मांडली : अल्प अन्नावर वाढलेला लहान चणीचा माणूस निरोगी असू शकतो. तिच्यावर सी. गोपालन यांनी कडाडून टीका केली. कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते हे खरे, पण त्याची किंमत खुंटलेली वाढ आणि कमी झालेली कार्यशक्ती या रूपाने मोजली जाते; ही किंमत दृष्टीआड करून जुळवून घेतलेल्या स्थितीलाच स्वाभाविक म्हणणे, म्हणजे अभावाला आदर्शाचे रूप देणे होय, असा या टीकेचा आशय होता.

हाच तर्क डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढाच्या बाबतीत वापरून पाहावा. शाळेचे वय संपल्यावर यांपैकी अनेकांना काम नसते, खेळ नसतो, आणि एकट्याने बाहेर पडण्याची मुभाही नसते. सोलापुरात घराघरांत विड्या वळल्या जातात आणि यंत्रमागांवर चादरी-टॉवेल विणले जातात. कामाच्या अशा रगाड्यात घरच्या माणसांना मुलास वा मुलीस फिरवून आणण्यास सवड कोठून मिळावी? उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे गेला की बाहेर पडण्याचा वेळ सकाळ-संध्याकाळच्या एखाद्या तासापुरता उरतो. दिवसभर एका खोलीत बसून राहिलेल्या माणसाचा ऊर्जाव्यय मोजला तर तो कमी भरणार, यात नवल नाही. तो आकडा ‘गरज’ म्हणून नोंदवला, त्यानुसार ताट लहान केले, आणि वजन स्थिर राहिले म्हणून समाधान मानले, तर समाजाने लादलेल्या निष्क्रियतेवर शास्त्राचा शिक्का बसतो. १९८५ च्या संयुक्त तज्ज्ञसमितीने केलेल्या व्याख्येत दीर्घकालीन आरोग्याशी सुसंगत आणि आर्थिक दृष्ट्या आवश्यक व सामाजिक दृष्ट्या इष्ट अशा हालचालींस पुरेशी पडणारी ऊर्जा म्हणजे गरज, असे अभिप्रेत आहे. ‘सामाजिक दृष्ट्या इष्ट’ हे शब्द सर्वांसाठी आहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसासाठी इष्ट हालचाल कोणती, हे ठरविल्याशिवाय त्याची गरज ठरविता येत नाही. आणि ते ठरविणे केवळ शरीरशास्त्राच्या कक्षेतले काम नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने समाजात सर्वांच्या बरोबरीने वावरण्याचा हक्क मान्य केला आहे. त्या हक्काला उष्मांकांचीही बाजू आहे, हे क्वचितच ध्यानात येते.

७

इतक्या अनिश्चिततेत आहारतज्ज्ञाने आणि कुटुंबाने करावे तरी काय, असा प्रश्न येथे उपस्थित होणे रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, समीकरणाचा आकडा निकाल न मानता आरंभीचे गृहीत मानावा, आणि त्या व्यक्तीच्या शरीरानेच तो तपासू द्यावा. सोलापूर किंवा तत्सम शहरात जेथे श्वासवायू-मापनाचे यंत्र हाताशी नसेल, तेथेही वजनकाटा असतो. ठराविक काट्यावर, ठराविक वेळी, दर पंधरवड्यास वजन नोंदवावे. कमरेचा घेर मोजावा. चालण्याचा व कामाचा वेळ लिहावा. वर्षातून एकदा थायरॉईडची तपासणी करावी. उंचीचा विचार करणारे समीकरण आरंभासाठी निवडावे, आणि दोन-तीन महिन्यांच्या नोंदी पाहून आकडा वरखाली करावा.

आहाराच्या नोंदीत एक अडचण नेहमी येते. काय खाल्ले ते आठवून सांगणे त्या व्यक्तीस पुष्कळदा अवघड जाते, आणि आईला जेवणाच्या ताटापलीकडचे ठाऊक नसते. शेजारच्या घरात लाडाने हातावर ठेवलेला खाऊ, भावाने आणलेली भजी, हुरड्याच्या दिवसांतील शेतावरचे खाणे, या गोष्टी वहीत येत नाहीत. सोलापुरी शेंगदाण्याच्या चटणीचे दोन मोठे चमचेही शंभर उष्मांकांच्या आसपास जातात. परंतु येथे एक दिलासाही आहे. एकूण आहार अचूक ठाऊक नसला, तरी त्यातील बदल ठाऊक असू शकतो. वजन सतत चढत असेल आणि रोजच्या तीन भाकरींच्या जागी अडीच करून एक वाटी पालेभाजी वाढविली, तर किती उष्मांक कमी झाले हे सांगता येते, मूळ आकडा कितीही संदिग्ध असो. केव्हिन हॉल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार रोजच्या आहारातील सुमारे २४ उष्मांकांचा कायमचा फरक कालांतराने एक किलो वजनाचा फरक घडवितो. त्यातील निम्मा पहिल्या वर्षात व बहुतेक सारा तीन वर्षांत दिसतो. हा ठोकताळाही इतरांच्या शरीरांवरून आलेला असल्यामुळे तो दिशादर्शक समजावा. पण त्यावरून एवढे निश्चित होते की, लहान बदल आणि दीर्घ धीर यांवर भर द्यावा. एकदम अर्धपोटी ठेवण्याचे कारण नाही. आणि ताटातील भाकरी कमी करण्याआधी दिवसातील अर्धा तास चालण्यास मिळतो की नाही, हे पाहिले पाहिजे. कारण गुणक वाढविणे हा गरज वाढविण्याचा, पर्यायाने पोषक अन्न पोटभर खाता येण्याचा मार्ग आहे.

विद्यापीठीय संशोधनासाठीही यातून कामाची दिशा मिळते. भारतीय प्रौढांमध्ये, डाऊन सिंड्रोमच्या संदर्भात, शरीररचना मोजण्याच्या सोप्या पद्धतींची परीक्षा. हालचालमापकांचे स्वतंत्र प्रमाणीकरण. आणि चाळिशीनंतरच्या वजनाच्या दीर्घकालीन नोंदी, हे तीन विषय कोणत्याही नव्या समीकरणाहून अधिक निकडीचे आहेत. दुसरे एक समीकरण बसविणे सोपे आहे; ते ज्यांना लावावयाचे त्यांचे दिवस कसे जातात हे पाहणे अवघड आहे. मात्र त्या निरीक्षणावाचून समीकरणात घालावयाचा गुणक कोणत्याही गणितातून मिळणार नाही.